उंबऱ्यावरची साक्ष

“हं, घे,” म्हणून भानू उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि वाकून त्यानं तोंड माझ्या नाकापाशी आणलं.

मी मिरच्यांचं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि म्हणाले, “सोड.” त्यानं पोटापासून श्वास सोडला. दुपारच्या भाकरीबरोबरचा कांदा, चार वाजताचा चहा आणि मागून थोडी बडीशेप. बाकी काही नाही. “जा आत,” मी म्हणाले. मग तो चपला काढून हातपाय धुवायला मोरीकडं गेला आणि मी पुन्हा मिरच्यांची देठं खुडायला लागले.

हे रोज संध्याकाळी चालायचं. रविवार नाही, सणवार नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंना महिनाभर वाटत होतं, याची दाढ दुखते आणि मी बघते. एकदा त्यांनी लवंगेचं तेलसुद्धा आणून दिलं. मी ते ठेवून घेतलं. कारण सांगत बसण्यापेक्षा तेल ठेवून घेणं सोपं होतं.

भानू म्हणजे भानुदास, माझा धाकटा भाऊ. मिरजेत आबा मेस्त्रींच्या कारखान्यात तंबोऱ्यांना आणि पेट्यांना पॉलिश करायचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची, मलमलीच्या बोळ्यानं लाकडावर हात मारायचे, एक वाळला की दुसरा. भानूचा हात फिरलेल्या तंबोऱ्यात माणसाला भांग पाडता यायचा, एवढा तो लखलखायचा. पण त्या कामानं त्याच्या अंगाला स्पिरिटचा वास कायमचा बसलेला. नखांत, केसांत, सदऱ्यात. दुसऱ्या बायकांना नवरा पिऊन आला की अंगणातच कळतं. आमच्या सुलभाला, म्हणजे त्याच्या बायकोला, कामाचा वास कुठं संपतो आणि दारूचा कुठं सुरू होतो, हे पाच वर्षं कळलं नाही. कळलं तेव्हा हा सकाळीसुद्धा घ्यायला लागला होता.

शेवटी ती सहा वर्षांच्या जाईला घेऊन जयसिंगपूरला बापाकडं गेली. तिचे वडील, तात्या, एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला वेळ आणि सही. मी भानूला घेऊन मध्यस्थीला गेले तेव्हा ते त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, “अक्का, एक वर्ष. वर्षभर थेंब नाही असं तुम्ही सांगितलंत की त्या दिवशी मी स्वतः पोरीला आणून सोडतो. नाहीतर काडीमोडाचे कागद तयार आहेत. याच्या शब्दावर नाही बरं का. तुमच्या.”

माझे यजमान जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. कांदा-लसूण मसाला करून विकायचा आणि आपलं पोट भरायचं, एवढाच व्याप. माझं नाक मात्र गावात नावाजलेलं. खोबरं किंचित खवट असलं तरी पोत्याच्या बाहेरून सांगायची मी. भानूच्या दोन खोल्यांत मी माझा बाडबिस्तरा आणला आणि पहिल्याच संध्याकाळी नियम घातला. अंगाच्या वासाचं मला सांगू नकोस, तोंड दाखव आणि मग उंबरा ओलांड.

पहिला आठवडा वाईट गेला. सरकारी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, तरी तो गादीवर लटलट कापायचा. चहाचा कप धरता येत नव्हता, मी चमच्यानं पाजायची. घामानं चादर पिळावी लागायची. रडायचा, शिव्या द्यायचा, पाया पडायचा. एकदा मला म्हणाला, तू माझी बहीण नव्हेस, कसाई आहेस. मी म्हटलं, बरं, कसाई तर कसाई, पेज पी. पण ते सोपं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा दारू दारात उभी राहून ओरडत होती. ओरडणाऱ्याला दार लावता येतं.

महिन्याभरानं अंगातलं कापरं गेलं आणि गुळाचं वेड लागलं. ढेपेतून खडेच्या खडे फोडून खायचा. मसाल्याच्या निम्म्या पैशाचा गूळच आणावा लागेल की काय, असं मला झालं. मी चिडवायची, “तुला मुंगळे लागतील रे.” तो हसायचा. वर्षानुवर्षांनी भाऊ हसताना दिसला म्हणून मी आणखी गूळ आणायची.

पाचव्या महिन्यात स्वप्नं सुरू झाली. पहाटे कधीतरी दचकून उठायचा आणि मला हलवून म्हणायचा, “अक्का, बघ गं, मी प्यालोय का?” स्वप्नात प्यायलेला असायचा आणि जागा झाल्यावरही तोंडात चव असायची. मी झोपेतच त्याच्या तोंडाचा वास घ्यायची आणि म्हणायची, “नाही प्यायलास. झोप.” मग तो लहान पोरासारखा कूस बदलून झोपायचा. सकाळी मी हे आठवून हसायची. त्याला हसू यायचं नाही.

आठव्या महिन्यापासून तो गप्प झाला. दारूचं नाव नाही, स्वप्नाचं नाव नाही. वेळेवर कामाला, वेळेवर घरी. मी मनात म्हटलं, सुटला. दिवस गेले की दुःख जुनं होतं, मग व्यसन का होणार नाही? मला वाटलं तेच सगळ्यांना वाटलं. आबा मेस्त्रींनी पगार वाढवला. तात्यांचं पत्र आलं, त्यात पहिल्यांदाच ‘चि. भानुदास यास आशीर्वाद’ होतं. मी ते पत्र देवापाशी ठेवलं.

दहाव्या महिन्यात एका दुपारी मी त्याचा डबा घेऊन कारखान्यात गेले. बाकीचे कारागीर जेवायला पांगले होते. भानू खिडकीपाशी एकटाच बसला होता आणि समोर लाखेच्या दोन बरण्या होत्या. मी डबा उघडत म्हटलं, आता दोनच महिने राहिले, मग तुझी बायको, तुझी पोरगी, मी मोकळी.

तो म्हणाला, “अक्का, ही बघ. ही आज सकाळी भिजवली.” बरणीत लाखेचे तांबूस पापुद्रे तळाशी पडलेले दिसत होते. मग त्यानं दुसरी उचलली. “ही चार दिवसांपूर्वीची. हिच्यात लाख दिसते का?”

“नाही. विरघळली.”

“तेच. कुणी नवखा बघेल तर म्हणेल, लाख गेली, नुसतं पाणी राहिलंय. पण हात घालून बघ.” त्यानं बोट बुडवून माझ्यासमोर धरलं. ते चिकट, जाडसर झालं होतं. “गेली नाही. सगळ्यात मिसळलीय. माझं तसं झालंय. आधी मला दिसायची कुठं आहे ती. संध्याकाळी सहाला यायची, तिच्याशी भांडता यायचं. आता वेळ नाही, काळ नाही. सोड्याची बाटली कुणी फोडली की येते. खारे दाणे बघितले की येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, अक्का, काम चांगलं झालं की येते. दुःख झालं तर मला भीती नाही वाटत, ते मी सोसतो. बरं वाटलं की घाबरतो.”

मी म्हटलं, “स्पिरिटचा वास दिवसभर नाकात जातोय म्हणून होत असेल. आबांना सांगून दुसरं काम घे.”

“स्पिरिटचं काही नाही. ते कामाचं आहे.” मग चिंधीला बोट पुसत म्हणाला, “पहिल्या महिन्यापेक्षा आता जास्त आहे. तुला खोटं वाटेल.”

मला खोटंच वाटलं. मी म्हणाले, मनाचे खेळ असतात, जेव आता, वांगं गार होतंय. तो जेवला. मी रिकामा डबा घेऊन घरी आले आणि वाटेत सुलभासाठी चोळीचा खण बघून ठेवला. त्या दिवशी मी तिथं बसून आणखी दोन शब्द ऐकले असते तर काय झालं असतं, याचा हिशोब मी फार वर्षं केला. आता करत नाही.

वर्ष भरलं ते भर उन्हाळ्यात. शाळेला सुट्टी होती. तात्या, सुलभा आणि जाई सकाळच्या गाडीनं आले. जाई बापाकडं बघून आधी आईच्या मागं लपली आणि तासाभरात त्याच्या खांद्यावर बसून सगळ्या गल्लीत फिरून आली. सुलभा माझ्या पाया पडली आणि उठेचना. मी तिला उठवलं तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी पुरण घातलं होतं. तात्या कटाची आमटी तीनदा मागून घेत होते. मला वाटत होतं, माझ्या जन्माचं काही सार्थक झालं असेल तर ते आज झालं.

उन्हं कलल्यावर तात्या परत निघाले. समोरच्या बाई आणि त्यांची सून निरोपाला येऊन बसल्या होत्या. तात्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि दारापाशी थांबून म्हणाले, “अक्का, एक राहिलं. रोज संध्याकाळी तुम्ही जे करता म्हणे, ते आमच्यासमोर एकदा होऊ द्या. म्हणजे माझी खात्री झाली, सही-शिक्का झाला.”

भानू लगेच उठला. खरंच लगेच, कुणी बोलावण्याची वाट बघत असल्यासारखा. बाहेर जाऊन उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि माझ्याकडं वळला. जाई सुलभाच्या मांडीवर बसून बघत होती. समोरच्या सुनेनं पदर तोंडाला लावला, हसू दाबायला की आणखी कशाला, कोण जाणे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्षभर माझ्या भावानं जनावरासारखं तोंड पुढं केलं ते बहिणीपुढं. आता त्याच्या पोरीसमोर, परक्या बायकांसमोर मी त्याला हुंगू? मी तात्यांना म्हणाले, “तात्या, वर्षाची साक्ष मी दिली. ती पुरत नसेल तर पोरीला घेऊन जा. पण आजपासून या घरात माझ्या भावाचं तोंड कुणी हुंगणार नाही. मीसुद्धा नाही. तो माणूस आहे.”

तात्या वरमले. त्यांनी चक्क हात जोडले, चुकलो म्हणाले, भानूच्या पाठीवर थोपटलं आणि गेले. समोरच्या बाई म्हणाल्या, बहीण असावी तर अशी. सुलभाच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. मला धन्य धन्य वाटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं. वर्षभर रोज संध्याकाळी मला धास्ती असायची, आज काय वास येतो म्हणून. ती धास्ती मला नको झाली होती, आणि तिच्यातून निघायची वाट मला भावाच्या अब्रूच्या नावाखाली सापडली.

भानू अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, गहिवरलाय.

रात्रीचं जेवण करायला मी चुलीपाशी बसले होते तेव्हा तो आत आला. सुलभा बाहेर जाईची वेणी घालत होती. तो हळूच म्हणाला, “अक्का, उद्या?”

“उद्या काय?”

“उद्या संध्याकाळी. तू घेणार ना?”

“ऐकलं नाहीस का? झालं ते. संपलं.”

“मग सुलभाला सांग घ्यायला. मी सांगितलं तर तिला कसंतरी वाटेल. तू सांग.”

मी भाकरी थापायची थांबले. म्हटलं, “बायकोनं नवऱ्याचं तोंड हुंगायचं? रोज? मग संसार कधी करायचा तिनं?”

“अक्का, आज दिवसभर मला तीच आठवतीय. सुलभा आली, जाई खांद्यावर बसली, तू पुरण केलंस. एवढं सगळं चांगलं झालंय आज.” तो माझ्याकडं बघत नव्हता, परातीतल्या पिठाकडं बघत होता. “एवढी कधीच आठवली नव्हती.”

“शुभ दिवशी अभद्र बोलू नकोस,” मी म्हणाले आणि भाकरी तव्यावर टाकली.

तो उठून गेला. त्याच रात्री मी सुलभाला बाजूला घेऊन सांगितलं, तो काही म्हणाला तरी मनावर घेऊ नकोस, संशय घेऊ नकोस, संशयानं पुरुष खचतो. ती बिचारी हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं तिलाही विचारलं म्हणे, माझ्या तोंडाचा वास घेतेस का. ती म्हणाली, नाही हो, मला तुमची खात्री आहे. आणि त्याला बरं वाटावं म्हणून शिरा केला.

तरीही पुढचे अकरा दिवस सोन्यासारखे गेले. हे मी मुद्दाम सांगते आहे. संध्याकाळी तो यायचा तो जाईचं बोट धरून, सरळ आत, ताठ मानेनं. जाई तोंडात लिमलेटची गोळी घोळवत असायची. उंबऱ्याकडं तो बघायचासुद्धा नाही. मी मनात म्हणायची, बघा, माणसावर विश्वास टाकला की माणूस कसा उभा राहतो.

बाराव्या दिवशी सुलभाच्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. तिला जावं की नको असं झालं होतं, आताच आलीय म्हणून. मीच आग्रह केला. म्हटलं, दोन दिवस जाऊन ये, जाईलाही ने, भानू काय कुक्कुलं बाळ आहे का? दोघी दुपारच्या गाडीनं गेल्या. भानूला एका गवयाचे दोन तंबोरे द्यायचे होते, त्यामुळे तो राहिला.

त्या संध्याकाळी मी ओट्याजवळ तांदूळ निवडत बसले होते. भानू आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. आत येईना. मला त्याचे पाय दिसत होते. मी मान वर केली नाही. ती मुद्दाम केली नाही. मला वाटलं, जुनी सवय आहे, एकदा मोडली की मोडली. आपण बघितलं तर तो तोंड पुढं करेल, मग आपल्याला नाही म्हणता येणार नाही.

“अक्का,” तो म्हणाला.

“हातपाय धू. पिठलं केलंय,” मी खालीच बघत म्हणाले.

तो उभाच राहिला. मी चार खडे काढले तांदळातले. मग तो म्हणाला, “जरा जाऊन येतो.” कुठं, असं मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं मीच ठरवलं होतं. दिवेलागणीनंतर आला, जेवला आणि झोपला. अंगाला स्पिरिटचा वास होता, तो रोजच असायचा.

कुणाला कळायला दीड महिना गेला. आबा मेस्त्रींच्या कारखान्यात तो तोल जाऊन पडला, हातातल्या तंबोऱ्याचा भोपळा फुटला, आणि आबांनी जवळ जाऊन त्याला उठवलं तेव्हा कळलं. तात्या आले. या वेळी ते भानूशीच बोलले. कधीपासून, एवढंच विचारलं. भानूनं खोटं सांगितलं नाही. म्हणाला, “या दोघी बारशाला गेल्या त्या संध्याकाळपासून.” तात्या माझ्याकडं वळले. मला वाटलं, काहीतरी बोलतील, शब्दाचं विचारतील. त्यांनी जाईची चप्पल शोधून तिच्या पायात घातली.

सुलभा जाताना मला म्हणाली, “दोन दिवस गेले मी, अक्का. दोनच दिवस.” तिनं आयुष्यभर तेच धरलं, की मी दोन दिवस गेले म्हणून. मी तिला सांगितलं की चूक माझी, त्यानं मला आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. तिनं ऐकून घेतलं, पण तिच्या मनात ते शिरलं नाही.

मी पुन्हा वास घ्यायला निघाले होते. भानूनं घेऊ दिला नाही. म्हणाला, आता काय उपयोग, आता तुला रोज खरं कळेल. तो चार वर्षं जगला. शेवटी हळदीसारखा पिवळा झाला. सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेवर एका दुपारी मी त्याला विचारलं, “भानू, अकरा दिवस तर राहिला होतास ना रे नीट? मग त्याच दिवशी काय झालं?” तो म्हणाला, “मी वर्षाची एकदम सोडली नव्हती अक्का. मी रोज फक्त त्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत सोडायचो. संध्याकाळी कुणाला तरी तोंड दाखवायचंय, तेवढ्यापुरती.” त्या दिवसाचं मात्र त्यानं काही सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. पाचव्या दिवशी तो गेला.

याला आता पंचवीसेक वर्षं झाली. गेल्या मार्गशीर्षात जाई मला भेटायला आली. पुण्यात बँकेत असते, बापासारखी उंच झालीय. सुलभा जाऊन सहा महिने झाले होते. आईच्या सामानात बापाचा एक फोटो सापडला म्हणून तो मला द्यायला आली, असं ती म्हणाली. चहा झाला तरी तिची चुळबुळ थांबेना. मग तिनंच विषय काढला.

“आत्या, एक विचारू? मी कुणाला बोलले नाही अजून. आईलासुद्धा नाही.”

मी म्हटलं, विचार की.

“आम्ही परत आलो होतो ना, तेव्हा बाबा रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गिरणीच्या कट्ट्यावर माझी वाट बघायचे. मी तिथंच खेळायची. मला समोर उभी करायचे आणि म्हणायचे, ‘हं, घे.’ मी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची आणि म्हणायची, ‘जा आत.’ असंच म्हणायचं हे त्यांनी शिकवलं होतं. मग मला लिमलेटची गोळी द्यायचे. घरात सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.”

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली.

“मग आम्ही बारशाला गेलो,” जाई म्हणाली. “संध्याकाळी मी आजोबांच्या दारात बसून खूप रडले. बाबांचा वास घ्यायचा राहिला म्हणून. आईला वाटलं, माझं पोट दुखतंय. परत आल्यावर मी धावत कट्ट्यावर गेले तर बाबा थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणाले, कामाला उशीर होतो. मग त्यांनी मला कधीच जवळ बोलावलं नाही.” ती माझ्याकडं बघत होती. डोळे कोरडे होते, पण आवाज सात वर्षांच्या पोरीचा झाला होता. “आई म्हणायची, बारशाच्या दिवशीच त्यांनी सुरू केली. आत्या, मी गेले नसते तर?”

अकरा दिवस तो ताठ मानेनं का आत यायचा, हे मला त्या क्षणी कळलं. आणि बाराव्या दिवशी उंबऱ्याबाहेर का थांबला होता, तेही. पोरगी नव्हती म्हणून तो माझ्याकडं आला होता. माझ्यासमोर उभा राहून त्यानं मला हाक मारली होती आणि मी तांदळातले खडे काढत बसले होते. हॉस्पिटलात त्यानं मला हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर जाईचं नाव निघालं असतं.

आता खरं सांगायचं तर एवढंच सांगायला हवं होतं, की बाई, तू नव्हतीस म्हणून तो माझ्याकडं आला आणि मी तोंड फिरवलं. मी तेच सांगायला तोंड उघडलं. पण तिच्या आईला मी हे एकदा सांगून बघितलं होतं. तिनं मरेपर्यंत स्वतःचेच दोन दिवस मोजले. ही पोरगी पण तेच करेल, मान हलवेल आणि रात्री जाऊन स्वतःलाच विचारेल, मी गेले नसते तर. सात वर्षांच्या जिवावर तेवढं ओझं राहू देणं मला जमेना.

मी म्हणाले, “वेडी आहेस का? तुम्ही गेलात त्याच्या आधीच चार दिवस सुरू झाली होती त्याची.”

“पण मला तर वास आला नव्हता.”

“कसा येईल? लवंग चघळून तुझ्यापुढं बसायचा. आमच्या नाकाला फसवणारा माणूस, तुला काय कळणार? तात्यांना त्यानं बारशाचा दिवस सांगितला तो खोटा. मला मरताना खरं सांगितलं.”

“फसवत होते मला?”

“हो.”

जाईनं मोठा श्वास सोडला, इतकी वर्षं छातीत धरून ठेवलेला. डोळे पुसले आणि म्हणाली, “मी उगाच त्यांना देवासारखं धरून बसले होते, आत्या.” तिनं पर्समधून फोटो काढून माझ्या हातात दिला. तो तिला आता नको होता.

माझ्या भावानं मला शिव्या दिल्या, गादीत पडून रडला, उंबऱ्याशी उभा राहून वर्षभर तोंड दाखवलं, पण खोटं एकदाही बोलला नाही. स्वतःच्या पोरीशी तर नाहीच. प्यायल्यावर तिला तोंड दाखवायला नको म्हणून तो कट्ट्यावर थांबला नव्हता. ते मला माहीत होतं, आणि आता जगात फक्त मलाच माहीत होतं. मी जाईला स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटताना ती हसून हात हलवत होती.